दावं आणि गोचरी

चातुर्मास आला की आम्हा बायकांच्या बोलण्यात दुधाचा विषय हमखास निघतो. ज्या घरी महाराजांचा आहार व्हायचा, त्या घरच्या बाईनं पहाटे गोठ्यात जाऊन डोळ्यांसमोर दूध काढून घ्यायचं. वासराला आधी पाजलंय ना, ते बघायचं. काढणाऱ्याचे हात, चरवी, गाळायचं फडकं, सगळं तपासायचं. आणि काढल्यापासून 48 मिनिटांच्या आत दूध तापलेलं असलं पाहिजे. माझं माहेर निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठचं. तिथं हे लहानपणापासून बघत आले. आजीकडे घड्याळ नव्हतं, पण दोन घटका तिला बरोबर कळायच्या.

या सगळ्या शोधात एक प्रश्न मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ती म्हैस खाते काय? आणि तिच्या गळ्यातलं दावं किती हात लांब आहे?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण तो मला गेली काही वर्षं सोडत नाही. आमच्या माहेरच्या पट्ट्यात ऊस आला, नदीला मोटारी बसल्या, तसं गावचं कुरण गेलं. बांधावरची बाभळ आणि लिंब गेले, कारण सावलीखाली ऊस येत नाही. म्हशी मात्र राहिल्या, उलट वाढल्या. डेअरीचं बिल ठरल्या दिवशी हातात पडतं आणि बऱ्याच घरांत ते बाईच्या हातात पडतं, हे विसरून बोलण्यात अर्थ नाही. पण ती म्हैस आता दावणीला जन्मते आणि दावणीलाच म्हातारी होते. तोडणीच्या हंगामात उसाचं वाढं, एरवी कडबा किंवा हत्तीगवत, वरून पोत्यातली पेंड. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून डॉक्टर वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. (आणि तंबाखू! निपाणीनं ज्याच्यावर पैसा केला, त्या पिकाला तर जनावर तोंडच लावत नाही.)

स्वाध्यायाला हा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं असतं. "अगं, ती उद्योगी हिंसा. गृहस्थाला सुटत नाही." हिंसेचे चार प्रकार आम्हाला पाठ आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकानं संकल्पी सोडायची, बाकीच्या तिन्ही शक्य तेवढ्या कमी करायच्या. यातलं पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं राहत नाही. "उद्योगी" हा शब्द कुलूप लावल्यासारखा वापरला जातो. विषय बंद. मला वाटतं, तो शब्द विचाराची सुरुवात करून देण्यासाठी आहे. हिंसा सुटत नाही हे मान्य, पण किती आणि कशी, हे तर आपल्या हातात आहे ना? नाहीतर आपण अष्टमी-चतुर्दशीला पालेभाजी तरी कशाला वर्ज्य करतो?

दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणं-पिणं तोडणं. कधी नीट लक्ष दिलंत का, मैत्रिणींनो? पाचही शब्द गोठ्याला लागू पडतात. दक्षिण महाराष्ट्रातला आणि बेळगाव भागातला आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी, त्याला तर हे जास्तच जवळचं. आणि मारण्याच्याही आधी पहिला शब्द आहे तो बांधण्याचा. जीवाला जिथं जायचंय तिथं जाण्यापासून अडवणं म्हणजे बंध, असा अर्थ टीकाकारांनी दिलाय. जनावर बांधायचंच झालं तर गाठ सैल असावी, आग लागली तर त्याला सुटता यावं, इतका बारीक विचार जुन्या लोकांनी करून ठेवलाय. आम्ही तो अध्याय अर्घ्य वाहून ऐकतो आणि घरी येऊन बांधलेल्या म्हशीचं दूध पितो. मीही पिते.

आता दुसरा एक शब्द घ्या. मुनींच्या आहाराला गोचरी म्हणतात. गाईसारखं चरणं. प्रवचनात याचे दोन अर्थ सांगतात. एक असा की, नटूनथटून आलेली बाई गाईपुढे गवत टाकते, तेव्हा गाय बाईकडे बघत नाही, गवताकडे बघते. तसं मुनींनी दात्याचं रूप आणि वैभव बघू नये. दुसरा अर्थ असा की, गाय इथं थोडं, तिथं थोडं, मिळेल तसं खात पुढे जाते. तसं मुनींनीही कुठल्याच एका घरावर भार होऊ नये. दोन्ही दृष्टान्त सुंदर आहेत. पण मला त्यात दोन वेगळ्या गाई दिसतात. पहिल्या दृष्टान्तातली गाय गोठ्यात उभी आहे, तिचं गवत कुणीतरी आणून देतंय. दुसरीतली माळावर आहे. आणि साधूच्या चालण्याला, कुणाला ओझं न होण्याला उपमा मिळाली ती त्या माळावरच्या गाईमुळे.

ती गाय आता कुठं दिसते? लग्न होऊन जांबोटीला आले तेव्हा वाटलं, इथं दिसली. बेळगावहून चोर्ल्याकडे, गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. डोंगर, जांभ्या दगडाची जमीन, ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, फणस. भात कापून झालं की गुरं मोकळी. सकाळी घंटा वाजवत जायची, संध्याकाळी आपली आपण परत यायची. उसाच्या पट्ट्यातून आलेल्या मला ते चित्र फार आवडलं होतं.

पण चित्र आणि जमीन यांत फरक असतो. पूर्वी गुरांबरोबर गुराखी असायचा. बहुतेक वेळा तो एखादा पोरगा असायचा आणि त्याची शाळा बुडायची. आता पोरं शाळेत गेली, ते चांगलंच झालं. पण गुरांबरोबर जायला कुणी उरलं नाही. माणूस नसेल तर गाय जे गोड लागतं ते पहिलं खाते आणि तेच परत परत खाते. बोटभर वाढलेलं कोवळं गवत पुन्हा पुन्हा तोडलं की मूळ दुबळं होतं. जांभळाचं, ऐनाचं वीतभर रोप आलं की त्याचा शेंडा जातो. शेवटी माळावर उरतं ते गाय ज्याला तोंड लावत नाही ते: घाणेरी आणि रानमोडी. उघड्या पडलेल्या उतारावरची माती आषाढात मलप्रभेत उतरते आणि पार सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या धरणात जाऊन बसते. जवळच भीमगड अभयारण्य आहे, 2011 मध्ये जाहीर झालेलं. जंगलाच्या कडेला आपली गुरं गेली की गव्याचं, सांबराचं गवत कमी होतं, त्यांचे रोग यांना, यांचे त्यांना. गवा मग भातात उतरतो आणि आपण गव्याला शिव्या देतो. म्हणजे दावं सोडलं की अहिंसा झाली, असंही नाही. एकेंद्रिय गवतापासून पंचेंद्रिय गव्यापर्यंत सगळे त्यात भरडले जातात.

यावर महाराष्ट्रानं एक उत्तर शोधलं होतं. राळेगणसिद्धीत, पुढे हिवरे बाजारमध्ये, गावानं ठरवून चराईबंदी केली, तिच्या जोडीला कुऱ्हाडबंदी. गुरं मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आलं, हे सगळ्यांनी बघितलंय. त्या गावांबद्दल मला आदरच आहे. तरी चराईबंदी हा शब्द नशाबंदीच्या शेजारी बसलेला बघून मला कसंतरी होतं. चरणं हे काय व्यसन आहे? ते तर त्या जीवाचं जगणं आहे. शिवाय गवत कापून आणायचं म्हणजे कोणी आणायचं? विळा कुणाच्या हातात असतो? गुराखी पोरगा करायचा ते काम आता बाईकडे आलं. दावं गाईच्या गळ्यात पडलं आणि भारा बाईच्या डोक्यावर. शेण काढायचं, पाणी दाखवायचं, हेही तिनंच. गाय चरते तेव्हा ती स्वतःच्या पायांनी जाते, स्वतःच्या तोंडानं कापते आणि शेण जिथल्या तिथं टाकते. ही तीन कामं आपण तिच्याकडून काढून घेतली आणि घरातल्या बाईला दिली. हा हिशेब कुठल्या अहवालात मांडलेला मी तरी वाचला नाही.

बांधायचं की सोडायचं, या दोनच बाजू असत्या तर मी हा लेख लिहिलाच नसता. तिसरी वाट मला इथल्याच दोन ठिकाणी दिसली.

एक म्हणजे गवळ्यांकडे. पश्चिम घाटात जे धनगर गवळी आहेत, त्यांचे वाडे खानापूर तालुक्याच्या रानातही आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली या समाजावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोंगरमाथ्यावर गवळी म्हशी राखायचे, खालच्या खोऱ्यात कुणबी शेती करायचे, आणि लोण्याच्या बदल्यात धान्य अशी देवघेव चालायची. कुणबी शिकार करायचे, गवळी करत नसत; दुधामुळे त्यांना तिची गरज पडत नसे. एकाच डोंगरावर दोघं राहायचे आणि एकमेकांच्या ताटात हात घालायचे नाहीत. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, जीव एकमेकांना उपकारक असतात असं जे आपण चिन्हाखाली छापतो, ते या लोकांनी काहीही न छापता केलं. मात्र वाडे थोडे होते, म्हशी थोड्या होत्या, एक बाजू चरली की दुसरीकडे जाता येत होतं, हेही तितकंच खरं. आज त्या रानाला कुंपण आहे, कायदा आहे, आणि गवळ्याची सून बेळगावात नोकरी शोधतेय. तो काळ परत आणा, असं मी म्हणणार नाही. तिला तो नकोच असेल.

दुसरं ठिकाण आमची काजूची बाग. सासऱ्यांनी लावलेली, चार एकर, सगळा उतार. काजूची झाडं सात-सात मीटरवर असतात, मध्ये गवत वाढतं. पूर्वी ते उन्हाळ्यात जाळून टाकायचे, काजू वेचायला जमीन स्वच्छ व्हावी म्हणून. डोंगरावरही गवत पेटवायची पद्धत आहे, राखेतून नवा कोंब लवकर फुटतो म्हणून. श्रावकानं टाळायच्या ज्या पंधरा खरकर्मांची यादी आहे, तिच्यात वणवा लावणं आहे. पण सासऱ्यांनी जाळणं बंद केलं त्याचं कारण ती यादी नव्हती, एका वर्षी आठ झाडं होरपळली हे होतं. माणूस कुठल्या वाटेनं शहाणा होतो याला फार महत्त्व देऊ नये.

मग प्रश्न आला, गवताचं करायचं काय? गुरं सोडली. लहान झाडं असती तर ते जमलं नसतं. पहिली चार-पाच वर्षं रोपाला गाईपासून जपावंच लागतं, नाहीतर शेंडा गेला, बुंध्याला अंग घासलं, झाड वाकडं. आमची झाडं मोठी होती. बागेचे पाच पट्टे केले. मधली कुंपणं गिरिपुष्पाच्या फांद्या रोवून केली, त्या पावसात आपोआप फुटतात. बांधावर हादगा आणि शेवरी. गुरं एका पट्टीत चार-सहा दिवस, मग पुढच्या पट्टीत. पहिल्या पट्टीला दोन-तीन आठवडे तरी विश्रांती मिळते आणि गवत मुळापासून दम धरून वर येतं. मिरगाच्या पावसात सुरुवातीचा दीड महिना आम्ही गुरं बाहेर काढत नाही. जमीन लोण्यासारखी मऊ असते, खुरांनी घोळून निघते, आणि गवतही अजून कोवळं असतं. तेव्हा दावं असतं. भाताचं पिंजर आणि साठवलेलं गवत घालायचं, वरून पाला. म्हणजे आम्हीही बांधतोच, पण कधी सोडायचं ते जमीन सांगते.

पाल्याबद्दल थोडं सांगते, कारण बायकांना ते उपयोगाचं आहे. नुसत्या पिंजरात सत्त्व फार थोडं. हादगा, शेवरी, सुबाभूळ यांच्या पाल्यात त्याच्या कितीतरी पट प्रथिनं असतात. पेंडेचं पोतं त्यामुळे खूप दिवस पुरतं. गिरिपुष्पाच्या ताज्या पाल्याला उग्र वास येतो, गुरं नाकं मुरडतात. अर्धा दिवस सुकवून घातला की खातात. सुबाभळीचं जरा जपून. 1970 नंतर तिचं फार कौतुक झालं, पण तिच्यात मिमोसीन नावाचं द्रव्य असतं, नुसती तीच घातली तर गुरांचे केस गळतात. इतर चाऱ्यात मिसळून, एक तृतीयांशाच्या आतच द्यावी.

पाला तोडताना मला बस्तीच्या भिंतीवरचं लेश्यावृक्षाचं चित्र आठवतं. सगळ्यांनी बघितलेलं आहे. फळांनी लगडलेलं झाड आणि सहा भुकेले वाटसरू. कृष्णलेश्यावाला झाड मुळापासून तोडायला निघतो, दुसरा खोडापासून, तिसरा मोठी फांदी, चौथा लहान फांदी, पाचवा फळं तोडतो, आणि शुक्ललेश्यावाला खाली पडलेली वेचतो. आमच्या शेवरीला मी चौथीच्या पुढे गेले नाही, डहाळ्या तोडतेच. पण शेंडा राखून, पावसाळ्यातून दोन-तीनदा, फूट येईपर्यंत थांबून. एप्रिलमध्ये मात्र आमच्या गाईंना सहाव्याचा मान मिळतो. काजू वेचताना बी पिळून काढायची आणि बोंडं त्यांच्यासाठी टाकायची. त्यांच्यासाठी कोणी काही तोडत नाही, जाळत नाही. त्या चित्रात सहाही जण माणसंच आहेत. बरोबर गाय असती तर तिच्यासाठी चित्रकारानं कुठली लेश्या राखून ठेवली असती, कोण जाणे.

इतकं वाचून कुणाला वाटेल, छान झालं, प्रश्न सुटला. मुळीच नाही. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

आमच्या तुपाला बेळगावातून मागणी यायला लागली. जाऊबाई म्हणाल्या, "वैनी, अजून दोन गाई घेऊ या. झाडं आहेत, गवत आहे." त्यांचं चुकलं असं नाही, घरात दोन मुलांची शिक्षणं चाललीत. पण आमच्या तीन गाई, एक भाकड म्हातारी आणि एक खोंड, एवढ्यांनाच मार्चअखेर गवत ओढाताणीनं पुरतं. अजून दोन आल्या तर पाचव्या पट्टीवरून पहिल्या पट्टीवर परत यायचे दिवस कमी होणार, गवताची विश्रांती तुटणार, आणि दोन वर्षांत बागेत रानमोडी. झाडं, गवत आणि गाय यांचा मेळ बसतो तो एका संख्येपर्यंतच. त्या संख्येच्या पुढे तीच गाय, तीच बाग, तेच कुंपण, पण सगळं बिघडतं.

इथं मला परिग्रहपरिमाण व्रत पहिल्यांदा समजलं असं म्हणेन. आपण हे व्रत घेताना सोनं किती, खोल्या किती, पातळं किती, असं मोजतो. मूळ यादीत क्षेत्र आहे, वास्तू आहे, धन आणि धान्य आहे. आणि धन म्हणजे काय, तर टीकाकारांनी सरळ सांगितलंय, गाई वगैरे. पैसा नव्हे. म्हणजे आपल्याकडे गाई किती असाव्यात याला मर्यादा घालणं हा व्रताचाच भाग. पूर्वी मला वाटायचं, ही मर्यादा मनाला आवर घालण्यासाठी, आपल्या आत्म्यासाठी. आता वाटतं, ती तितकीच गवतासाठी आहे. अपरिग्रह आणि अहिंसा ही दोन व्रतं वेगवेगळी शिकवली जातात, पण माळावर ती वेगळी करता येत नाहीत. एक गाय जास्त ठेवली की गवतावर, झाडाच्या रोपावर, शेवटी त्या गाईवरच हिंसा होते. आणि ती कुणी हात उचलून केलेली नसते.

सरकारच्याही हे ध्यानात होतं असं दिसतं. कर्नाटकच्या महसूल नियमांत गावच्या शंभर गुरांमागे तीस एकर गोमाळ राखावा असं आहे. कागदावर. गोमाळावर आज काय काय उभं आहे, ते आपापल्या गावात प्रत्येकीनं बघावं.

राहिला खोंड. याच्याविषयी आपल्या समाजात बोलणं जवळजवळ होतच नाही. दूध हवं तर गाय व्यायला हवी, आणि व्याली की निम्म्या वेळा खोंड होणार. पूर्वी त्याचा बैल व्हायचा. (त्यासाठी त्याचं नाक टोचावं लागायचं, खच्ची करावं लागायचं, आणि हेही त्या पंधरा खरकर्मांत आहे, तरी शेतकरी श्रावकांनी बैल जुंपलेच.) आता शेतात पॉवर टिलर आहे. झाडांखाली गुरं चारण्याच्या पद्धतीचं जगभर कौतुक होतंय. स्पेनमध्ये ओकच्या झाडांखाली जनावरं चारतात, कोलंबियात सुबाभळीच्या रांगांमध्ये. ते वाचायला फार छान वाटतं, पण तिथला हिशेब पुरा होतो तो नराच्या मांसावर. आपल्याला तो पुरा करायचा नाही. कायद्यानंही करता येत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून आणि कर्नाटकात 2021 पासून कायदे कडक झालेत. पण कायदा चारा घालत नाही. मग खोंड रात्री दुसऱ्याच्या शिवारात सोडला जातो, किंवा पांजरपोळात एक पावती फाडून आपण मोकळे होतो. पांजरपोळ मोठी गोष्ट आहे, पण आपल्या दुधाचा अर्धा हिशेब सगळ्यांनीच तिथं नेऊन टाकला तर तिथलं गवत कुठून येणार?

अलीकडे नव्वद टक्के कालवडीच जन्मतील अशा रेतनाची सोय झालीय. जाऊबाई म्हणतात, हे बरं. नको असलेला जीव जन्मालाच येत नाही, म्हणजे हिंसा नाही. मला त्यावर चटकन हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. माझी पुण्याची भाची एक पाऊल पुढे गेलीय, तिनं दूधच सोडलंय. "मावशी, सगळा प्रश्नच मिटला," म्हणते. तिचा मिटला असेल. मी तिला म्हटलं, तुझ्या ताटातला भात माझ्या शेतातून येतो आणि शेताला शेण लागतं. गाय तुझ्या ताटातून गेली, भाताच्या मुळाशी आहेच. ती म्हणाली, विचार करते. खरंच करत असेल, हुशार आहे.

मी मात्र एवढं ठरवलंय की, आमच्या तुपाच्या भावात खोंडाचं आणि म्हाताऱ्या गाईचं गवत धरायचं. गाय वीस वर्षंही जगते, त्यातली आठ-दहा वर्षं दूध देते. उरलेल्या वर्षांचं खाणं त्याच दुधातून निघालं पाहिजे. भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं, "एवढं महाग?" मग मी खोंडाचं सांगते. काही जणी ऐकून घेतात, दोघींनी घेणं बंद केलं. त्यातली एक आमच्याच बस्तीतली, रोज अभिषेकाला येणारी. तिच्यावर माझा राग नाही, तिला निम्म्या भावात तूप मिळतं आणि तिचंही घर आहे. पण ते निम्म्या भावाचं तूप ज्या गाईचं आहे तिचा खोंड कुठं गेला, हे तिनं दुकानदाराला एकदा विचारावं असं फार वाटतं.

जाऊबाईंशी अजून मिटलेलं नाही. दिवाळीनंतर गवत कापून गंजी घातली की ती बघून ठरवायचं, असं दोघींनी कबूल केलंय. गंजी मोठी झाली तर एक कालवड, दोन नाहीत. खोंड सध्या तिसऱ्या पट्टीत आहे. अडीच वर्षांचा झाला, गिरिपुष्पाचं कुंपण शिंगांनी उचकटायला शिकलाय, आणि त्याला चौथी पट्टी आत्ताच हवी आहे.